नलूताईंचं नवं अनुष्ठान

बातमी सुमननं आणली. आमच्या कॉलनीत पेपर सात वाजता येतो, सुमन साडेसहाला. धुणं भिजत घालता घालता म्हणाली, "वैनी, पलीकडच्या आजींनी कसलं तरी अनुष्ठान धरलंय. रोज सकाळी पाण्याची नळी धरून झाडापाशी उभ्या राहतात, कानात बोंडं घालतात आणि मंत्र म्हणतात. मधेच गप होतात, परत म्हणतात. काल तर जास्वंदीला 'नो' म्हणाल्या. चांगलं ठणकावून."

नलूताई आणि अनुष्ठान! सत्यनारायणाला 'आरतीच्या सुमाराला येते गं' म्हणून सांगणारी आणि बरोबर शिऱ्याच्या सुमाराला येणारी बाई. मला काही राहवेना. कढीपत्त्याचं झाड त्यांचं आणि फोडण्या आमच्या, ही व्यवस्था जुनी आहे. तेव्हा निमित्त शोधावं लागलं नाही. कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावले.

"काय नलूताई, घेऊ का दोन डहाळ्या?"

त्यांनी बोट वर केलं. थांब. ओठ हलले. "दो… तिएन्दो… एन्तिएन्दो." मग पेपर सोपा गेल्यासारखी मान हलवली, कानातलं काढलं आणि नळ बंद केला.

"घे की. विचारतेस काय? आणि सुमन काय म्हणाली तेही सांगून टाक."

"म्हणाली, तुम्ही जास्वंदीला मंत्र घालताय."

"स्पॅनिश शिकतेय गं मी. जास्वंद नुसती साक्षीला आहे."

"स्पॅनिश? कशाला हो?"

"लुपेशी बोलायला."

मग सगळं बाहेर आलं. नलूताईंची लेक सॅन अँटोनियोला असते, टेक्ससमध्ये. नातवाला सांभाळायला येते ती लुपे, मेक्सिकोतल्या मोन्तेर्रेची. मागच्या खेपेला नलूताई तिथे सहा महिने होत्या. लेक-जावई कामावर, पोरगं झोपलेलं आणि या दोघी ओट्याशी.

"ती तोर्तिया लाटतेय, मी पोळ्या लाटतेय. त्यांच्या बाजूला गव्हाचीच तोर्तिया जास्त. मक्याची वेगळी. तिचा कोमाल बघितलास तर म्हणशील, हा आपलाच तवा. दोघींच्या पोटात सांगायचं मात्र ढीगभर. तिची सून, माझे गुडघे, तिच्या गावचं पाणी, आपल्या गावचं पाणी. आणि तोंडातून निघायचं काय? 'ओके', 'गुड', 'बेबी स्लीप'. तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच, कामापुरतं. दोन बायका, एक स्वयंपाकघर आणि गप्पा नाहीत! मला अपचन व्हायचं."

"पण तिथे तर सगळं इंग्रजी ना?"

"आधी ते कोणाचं होतं? १८३६ पर्यंत टेक्सस मेक्सिकोतच होतं. सॅन अँटोनियोत निम्म्याहून जास्त माणसं त्याच गोतावळ्यातली. दुकानात, दवाखान्यात कान दिलास तर स्पॅनिशच ऐकू येतं. आता परत जायचंय. म्हटलं, या वेळी तयारीनं जायचं."

जावयानं फोनमध्ये धडे घालून दिलेत. एक धडा अर्ध्या तासाचा. पुस्तक नाही, वही नाही, नुसतं ऐकायचं आणि बोलायचं.

"म्हणजे लिंग्वाफोनसारखं?" मी विचारलं. आमच्या सासऱ्यांकडे जर्मनच्या तबकड्या होत्या. रविवारी सकाळी ते लावायचे आणि त्यातला जर्मन माणूस घरभर बोलत सुटायचा. सासऱ्यांना शेवटपर्यंत 'गूटन टाग'च्या पुढे काही आलं नाही, पण त्या माणसाचा खोकला आला असता तरी ओळखला असता.

"तिथेच तर गोम आहे," नलूताई भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या. असं कोपर टेकलं की चहाची वेळ टळते, हा अनुभव आहे. "तबकडी तुझ्यासाठी थांबते का? नाही. ती आपली पुढे. हा माणूस थांबतो. आधी विचारतो, अमुक कसं म्हणशील? मग गप्प. त्या गप्प बसण्यात तू डोकं खाजवायचंस, तोंड उघडायचंस, बोलायचंस. मग तो बरोबर उत्तर सांगतो. सगळी करामत त्या गप्प बसण्यात आहे."

"म्हणजे सुमनला वाटलं तुम्ही मधेच थांबता…"

"तो थांबतो गं. मी तर बोलत असते! आणि लांब शब्द आला की शेपटाकडून धरतो. 'एन्तिएन्दो' म्हणजे मला समजतं. आधी नुसतं 'दो'. मग 'तिएन्दो'. मग अख्खा. पुढून सुरुवात केली तर शेवटी जीभ अडखळते. शेपटाकडून केली की शेवटचा भाग सगळ्यात पक्का झालेला असतो. उतारावरून गाडी सोडल्यासारखी जीभ घरंगळत येते."

एवढ्यात व्हरांड्यात पेपरची घडी वाजली. नाना. गणिताचे मास्तर, निवृत्त; पण निवृत्ती फक्त शाळेतून.

"वीणा, तिला ते पाचाचं विचार," नाना पेपरामागून म्हणाले.

"पाचाचं काय?"

"या पद्धतीचा मूळ पुरुष पॉल पिम्सलर. अमेरिकन भाषातज्ज्ञ. त्याचा पहिला ध्वनिपाठ १९६३ चा, ग्रीकचा. १९६७ साली त्यानं एक निबंध लिहिला की नवा शब्द पुन्हा कधी विचारावा. पाच सेकंदांनी, मग पंचवीस सेकंदांनी, दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तासाने, पाच तासांनी, एका दिवसाने, पाच दिवसांनी, पंचवीस दिवसांनी, चार महिन्यांनी, दोन वर्षांनी. मी म्हटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. पेपरच्या कोपऱ्यावर मांडून बघितलं. दर वेळी पाचानं गुणलंय! पाच, पंचवीस, एकशे पंचवीस सेकंद म्हणजे दोन मिनिटं. सहाशे पंचवीस म्हणजे दहा मिनिटं. तीन हजार एकशे पंचवीस म्हणजे बावन्न मिनिटं, त्यानं धरला तास."

"आणि दोन वर्षं?"

"पाचाचा अकरावा घात, पावणेपाच कोटी सेकंदांच्या वर. होतात दीडच वर्षं, त्यानं दोन म्हटलंय. उदार माणूस. मी मार्क कापले असते."

"बघ," नलूताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "स्पॅनिश मी शिकतेय आणि दमतायत हे. शब्द विसरायच्या बेतात असला की नेमका तेव्हा विचारायचा, एवढंच ते. पण यांना घात काढल्याशिवाय पटत नाही. आणि आमचं भांडण कशावरून होतं माहितीये? धड्यात सांगतात, ऐंशी टक्के आलं की पुढच्या धड्याला जा. हे म्हणतात, वीस टक्के कच्चं ठेवून पुढे? माझ्या वर्गात चाललं नसतं."

"नसतंच चाललं," नाना.

"म्हणून तुमच्या वर्गातली मुलं मागच्याच धड्यात म्हातारी झाली."

मी विषय बदलला. "तो समोरचा मिहीर पण स्पॅनिश शिकतोय ना? त्याच्या कंपनीला मेक्सिकोचं काम मिळालंय म्हणे. त्याची आई सांगत होती."

"त्याची आई काय, तो 'ओला' म्हणाला तरी पेढे वाटेल. पण पोरगा हुशार आहे. त्याची पद्धत वेगळी. मिशेल थॉमसची. तो तर सिनेमातला माणूस वाटावा गं. पोलंडमधल्या वुचचा जन्म, १९१४ चा. महायुद्धात फ्रान्समध्ये नाझींविरुद्ध भूमिगत. नंतर अमेरिकेत जाऊन नटनट्यांना भाषा शिकवायचा. त्याच्या ध्वनिफितीत दोन विद्यार्थी समोर बसलेले असतात आणि आपण तिसरे. त्यातला एक हमखास चुकतो. त्यानं चुकायचं, आपण शहाणं व्हायचं."

"हे बरंय."

"आणि सुरुवातीलाच बजावतो की काही लिहायचं नाही, पाठ करायचं नाही, आठवायची धडपडही करायची नाही. विद्यार्थ्याला आलं नाही तर जबाबदारी शिकवणाऱ्याची!"

पेपर खाली आला. "हे असलं बोलून ठेवतात," नाना म्हणाले, "म्हणून पालक सभेला येऊन बोलतात." पेपर वर गेला.

"मिहीरनं मला आणखी एक दिलंय," नलूताईंनी आवाज उतरवला. फुकट गोष्ट सांगताना त्यांचा आवाज उतरतोच. "लँग्वेज ट्रान्सफर नावाचं. मिहालिस म्हणून एकानं केलंय. स्पॅनिशचे नव्वद धडे, पैसा नाही. देणग्यांवर चालतं. तो म्हणतो, तुम्हाला स्पॅनिश येतंच आहे, फक्त माहिती नाही. इंग्रजीत 'शन'नं संपणारे शब्द घ्या आणि शेवटी 'सिओन' लावा. सिच्युएशनचं सितुआसिओन. असे शेकड्यांनी शब्द एका दुपारी घरी आणून टाकतो."

"मग झालंच की!"

"शब्द झाले. वाक्याचं काय?" नलूताईंनी नळीची गुंडाळी खाली ठेवली. आता मुख्य तक्रार येणार. "हे सगळे धडे इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेले. तो इंग्रजीत विचारणार, मी मनात मराठी करणार, मग स्पॅनिश शोधणार. तेवढ्यात त्याची गप्प बसायची वेळ संपते. पहिले काही दिवस मी रोज हरत होते. मग एक दिवस 'मला आवडतं' आलं. तो इंग्रज बाप्या समजावून समजावून दमला की हे उलटं आहे, 'मी आवडते' नाही, 'ते मला आवडतं' असं म्हणायचं, नीट लक्ष द्या, गोंधळू नका. अरे, गोंधळू कशाला? आमच्याकडे दुसरं काय म्हणतात? मला आंबा आवडतो : मे गुस्ता एल मान्गो. मला आंबे आवडतात : मे गुस्तान लोस मान्गोस. क्रियापद आंब्यामागे जातं, माझ्यामागे नाही. सगळं आपलंच! त्या दिवशी ठरवलं, मधे इंग्रजीचा दलाल कशाला? प्रश्न ऐकायचा आणि सरळ मराठीतून निघायचं."

"प्रत्येक ठिकाणी चालतं?"

"ऐक. 'चावी शोधते' आणि 'नातवाला शोधते'. चावीला 'ला' लावतेस का? नाही. नातवाला लावतेस. इंग्रजीत दोन्हीकडे सारखंच. स्पॅनिशमध्ये बघ. बुस्को ला याबे, चावी शोधते. बुस्को आ मि निएतो, नातवाला शोधते. तो मधला 'आ' म्हणजे आपला 'ला', माणसापुरता. तो इंग्रज बाप्या नियम सांगतोय, अपवाद सांगतोय, आणि मी इकडे झाडांना पाणी घालत म्हणतेय, पुढे चल बाबा, हे आम्ही बोलायला लागल्यापासून करतो. 'मी' पण म्हणावं लागत नाही. क्रियापदातच असतं. आपण तरी कुठे दर वाक्यात 'मी, मी' करतो?"

"काही करतात," मी म्हटलं आणि दोघींनी एकदम चौथ्या बंगल्याकडे बघितलं.

"उच्चारांचं तर विचारूच नको. त्यांचा त तो आपला त, द तो द. लेकीची अमेरिकन मैत्रीण 'टॉर्टिया' म्हणते ते लुपेला ऐकवत नाही. मी पहिल्याच दिवशी 'तोर्तिया' म्हटलं तर तिनं माझा गालगुच्चाच घ्यायचा बाकी ठेवला. आणि 'तू' म्हणजे तूच! मोठ्या माणसाला 'उस्तेद', म्हणजे आपलं तुम्ही. इंग्रजीवाल्यांना हे समजवायला धडेच्या धडे लागतात."

"मग लुपेला तुम्ही तू म्हणणार?"

नलूताई जरा थांबल्या. "मीही तेच धरलं होतं. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईला अगं-तुगंच करतो. लेक म्हणाली, आई, नाही हं. ती तुला उस्तेद म्हणते, तूही तिला उस्तेदच म्हणायचं. ती साठीची आहे."

सुमन बादली घेऊन मागेच उभी होती. तिला कुठला शब्द कधी ऐकू येतो, काही नेम नाही. "मंग आजी," ती म्हणाली, "मी पण पंचावन्नची झाले. मला पण म्हणा की उस्तेद."

नाना पेपरामागे जोरात हसले. नलूताईंना उत्तर सुचायला पिम्सलरच्या पाच सेकंदांपेक्षा नक्कीच जास्त वेळ लागला. "सुमनबाई," त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्ही जरा मोटार बंद करता का?" सुमन गेली ती मान ताठ करून. तिनं मोटार बंद केली, पण त्याआधी पलीकडच्या वॉचमनला बोलावून 'सुमनबाई' दोनदा ऐकवलं.

"म्हणजे मराठी माणसाला स्पॅनिश सोपंच म्हणायचं," मी म्हटलं.

"तसंही नाही. आपलं 'आहे' एकच. आई मास्तरीण आहे, आई घरात आहे. त्यांच्याकडे दोन. सेर आणि एस्तार. जे मुळातच आहे त्याला एक, सध्या आहे त्याला दुसरं. इथे मराठी पार उघडी पडते. मी लुपेला फोनवर विचारायला गेले, पोरगं अंघोळीला तयार आहे का? 'एस्ता लिस्तो' म्हणायचं, तर म्हटलं 'एस लिस्तो'. म्हणजे हुशार आहे का? ती म्हणाली, हो, फार! मग पाच मिनिटं त्याच्या हुशारीबद्दल बोलत राहिली आणि पोरगं तसंच पारोसं."

"कळलं तुम्हाला सगळं?"

"छे. तीच तर दुसरी अडचण. धड्यातला माणूस कसा पाट मांडून बसल्यासारखा बोलतो. लुपे बोलते मेल गाडीसारखी. प्रश्न मला विचारता येतो, उत्तर येतं ते झपकन निघून जातं. शिवाय धड्यातली वाक्यं तरी कसली? हॉटेल कुठे आहे, बिल किती झालं. आणि तो पुरुष त्या बाईला सारखा म्हणतो, काहीतरी प्यायला चला. ती म्हणते, आत्ता नको. तो म्हणतो, मग नंतर? ती म्हणते, नंतरही नको. माझ्या मनात आलं, बाई, हा धडा सोडून तू घरी जा! मला कशाला हवं असलं? मला हवं, पोरानं खाल्लं का, शी झाली का, ताप आहे का."

"मग?"

नलूताईंनी इकडेतिकडे बघितलं, पदरानं हात पुसले आणि भिंतीवरून फोन माझ्या कानाला लावला.

आधी त्यांचाच आवाज : "पोरानं खाल्लं का?" मग काहीच नाही. मागे फक्त कुकरची शिट्टी. मग एक खर्जातला, हसरा, परका आवाज : "या कोमिओ एल निन्यो?" पुन्हा शांतता. पुन्हा तोच आवाज, जरा सावकाश. मग नलूताई : "झोपला का?" शांतता. "या से दुर्मिओ?" आणि त्यामागे दूर कुठे तरी एक पोर खिदळतंय, म्हणजे झोपलेलं नाही हे उघड.

"लुपे?" मी विचारलं.

"लुपे. लेकीला वाक्यं पाठवते, ती लुपेला म्हणायला लावते आणि व्हॉट्सॲपवर पाठवते. मी माझं मराठी आधी बोलते, मधे मोकळी जागा सोडते, मिहीर ते सगळं सांधून देतो. इंग्रजीचा एक शब्द नाही बघ सगळ्यात. आणि तिचाच आवाज, तिचाच वेग. तिथे गेल्यावर मला ह्या माणसाचं थोडंच ऐकायचंय? मला तिचं ऐकायचंय."

"मग ते विकतचे धडे सोडले?"

"सोडीन कशी? वाक्याचा सांगाडा तिथून येतो. सकाळी तो, संध्याकाळी लुपे. नुसती लुपे ऐकली असती तर पोपट झाले असते; नुसता तो ऐकला असता तर हॉटेलात बिल देता आलं असतं, गप्पा मारता आल्या नसत्या."

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू झालं होतं. आमची सून कोईमतूरची. विहीणबाईंचा फोन आला की आमच्याही घरी तेच : 'ओके', 'गुड', 'फूड फिनिश?' लग्नाला चार वर्षं झाली, पण आम्ही दोघी एकमेकींना अजून फक्त साड्यांवरून ओळखतो. मी ते बोलून दाखवलं.

"अगं मग वाट कसली बघतेस? सुनेला सांग, आईचा आवाज घेऊन दे. वाक्यं छोटी घे. मोकळी जागा भरपूर सोड, घाई करू नको. कागदावर लिहू नको, लिहिलंस की कान आळशी होतात. ऐकलेलं थोड्या वेळानं परत, संध्याकाळी परत, उद्या परत, मग पाच दिवसांनी."

"पंचवीस दिवसांनीही," व्हरांड्यातून आलं.

"पण पहिलं वाक्य कुठलं घेऊ?"

"'तुम्ही सांबारात चिंच किती घालता?' हे घे," नलूताईंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं. "स्वयंपाकाचं विचारलं की बाई पाच मिनिटं बोलते. तेवढ्यात तुझे कान तयार होतात, आणि तिला वाटतं, विहीण भली आहे."

"आणि दुसरं?"

नानांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि एखादं सूत्र सांगावं तसं म्हणाले, "'मी तसं म्हटलंच नव्हतं.' विहिणीशी बोलायचं तर हे शंभर टक्के यायला हवं, ऐंशी चालणार नाही."